दोन धातू, एक दुवा : पिरिडिल-फॉस्फीनचा इतिहास आणि खानदेशातली रसायनशाळा

 

विषयाचं नाव जरा जड आहे, हे आम्हाला मान्य. पण त्यामागचा प्रश्न साधा आहे. दोन वेगवेगळ्या धातूंचे अणू एकाच रेणूत, एकमेकांशेजारी, ठरलेल्या अंतरावर कसे बसवायचे? हे काम करणारा एक छोटा रेणू १९४८ साली तयार झालेला होता. त्याच्याकडून दोन धातू जोडून घेण्याचं गाजलेलं काम मात्र १९८० साली प्रसिद्ध झालं. मधली बत्तीस वर्षं काय चाललं होतं? आज आपण मुख्यतः या बत्तीस वर्षांबद्दल बोलणार आहोत, आणि शेवटी त्याचा जळगाव-धुळ्याच्या रसायनशाळांशी काय संबंध, तेही बघणार आहोत.

सुरुवात घरच्या वस्तूपासून करू. जळगाव म्हटलं की लोक सोनं म्हणतात. सोनार सोन्यात तांबं, चांदी मिसळतो. अठरा कॅरटच्या दागिन्यात शंभरात पंचाहत्तर भाग सोनं असतं, बाकीचे पंचवीस भाग इतर धातू. तेव्हा एका अर्थानं दोन धातू एकत्र आणायची विद्या आपल्या सराफ बाजाराला फार जुनी माहीत आहे. पण त्या मिश्रधातूत सोन्याच्या कुठल्या अणूशेजारी तांब्याचा कुठला अणू बसलाय, हे कुणी ठरवत नाही. ते विखुरलेले असतात. रसायनतज्ज्ञाला हवं असतं ते वेगळं. एक अणू सोन्याचा, एक तांब्याचा, मधलं अंतर ठरलेलं, आणि प्रत्येक रेणूत तीच मांडणी. त्यासाठी वितळवून भागत नाही, मधे धरून ठेवणारा कुणीतरी लागतो. त्याला पूल बांधणारा लिगंड म्हणतात.

लिगंड म्हणजे काय, हे बारावीच्या पुस्तकात आहे. धातूच्या अणूला आपली इलेक्ट्रॉनांची जोडी देऊन त्याला धरणारा रेणू किंवा आयन म्हणजे लिगंड. झुरिचच्या आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये या संयुगांची रचना कशी असते, ते मांडलं, आणि १९१३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. वेर्नर यांनाही पुलांची ओळख होती. १९१४ साली त्यांनी हेक्सॉल नावाच्या संयुगाचे उजवे-डावे प्रकार वेगळे करून दाखवले. त्यात कोबाल्टचे चार अणू हायड्रॉक्सिल गटांच्या पुलांनी जोडलेले आहेत आणि कार्बनचा एकही अणू नाही. पण तिथं चारही धातू एकच, कोबाल्ट. पुलाच्या दोन्ही टोकांना सारखीच माणसं उभी.

दोन टोकं वेगळी असलेला पूल आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या सरकारी कचेरीत असायचा, फक्त कुणाला ठाऊक नव्हतं. बांधकाम खात्याचे निळे नकाशे आठवा. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या पद्धतीनं ते छापले जायचे, आणि त्यातला निळा रंग म्हणजे प्रशियन ब्लू. हा रंग अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडला. त्याची आतली मांडणी क्ष-किरणांनी पहिल्यांदा १९३६ मध्ये, कीगिन आणि माइल्स यांनी, मांडली. त्यात लोखंडाचे अणू सायनाइडनं जोडलेले असतात. सायनाइडला दोन टोकं, एक कार्बनचं, दुसरं नायट्रोजनचं. कार्बनच्या बाजूला लोखंड एका अवस्थेत असतं, नायट्रोजनच्या बाजूला दुसऱ्या. म्हणजे टोकं वेगळी असली की ती आपापला जोडीदार वेगळा निवडतात. आजच्या विषयाचं बीज इथं आहे.

आता मुख्य पात्राकडे येऊ. त्याचं नाव २-डायफिनाइलफॉस्फिनो-पिरिडिन. नावाला घाबरू नका. पिरिडिन म्हणजे बेंझीनसारखं सहा अणूंचं कडं, फक्त एका कार्बनच्या जागी नायट्रोजन. त्या नायट्रोजनच्या लगतच्या कार्बनला एक फॉस्फरस लावायचा आणि त्या फॉस्फरसवर दोन फिनाइल गट. झाला रेणू तयार. फॉस्फरस आणि नायट्रोजन या दोघांकडेही द्यायला इलेक्ट्रॉनांची जोडी आहे, आणि दोघांच्या मधे फक्त एक कार्बन.

हा एक कार्बन फार महत्त्वाचा आहे. समजा, दोन्ही हातांनी एकाच धातूला धरायचं ठरवलं. मग धातू, फॉस्फरस, कार्बन, नायट्रोजन असं चार अणूंचं कडं होतं. ते ताणलेलं असतं, सहसा टिकत नाही. त्यापेक्षा एका हातानं एक धातू आणि दुसऱ्या हातानं दुसरा धातू धरणं या रेणूला सोयीचं पडतं. आणि हात जवळजवळ असल्यामुळे ते दोन धातूही जवळ येतात. इतके जवळ, की त्यांच्यात थेट बंध होऊ शकतो.

केंब्रिजचे फ्रेडरिक जॉर्ज मान आणि त्यांचे सहकारी वॉटसन यांनी १९४८ मध्ये पिरिडिलच्या अमाइन, फॉस्फीन आणि आर्सीनवर एक निबंध प्रसिद्ध केला. हा रेणू त्या निबंधात आहे. पण त्यांचा प्रश्न काय होता? एकाच रेणूत आम्लाशी क्षार बनवू शकणाऱ्या अशा दोन-तीन जागा असतील, तर आम्ल कुठं जाऊन बसतं? क्षार कुठल्या अणूवर तयार होतो? प्रश्न चांगला होता, त्याचं उत्तरही मिळालं. दोन धातू जोडायचे, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे दोन टोकांचा रेणू हातात असूनही त्या निबंधात पूल नाही.

इथं इतिहास लिहिणाऱ्यानं सावध राहावं लागतं. मान यांना हे कसं सुचलं नाही, असं म्हणणं सोपं आहे. पण १९४८ साली हा प्रश्न विचारला असता, तरी उत्तर खरं की खोटं, हे कसं तपासणार होते? त्यासाठी तीन गोष्टी लागत होत्या, आणि तिन्ही नंतर आल्या.

पहिली गोष्ट, कोण कुणाला पसंत करतो याचा नियम. १९६३ मध्ये अमेरिकेत राल्फ पिअर्सन यांनी कठीण आणि मृदू आम्ल-अल्कलींची कल्पना मांडली. मृदू धातू मृदू दात्याकडे जातात, कठीण धातू कठीण दात्याकडे. फॉस्फरस मृदू. सोनं, चांदी, एकभारी तांबं, ऱ्होडियम, पॅलॅडियम ही मंडळीही मृदू बाजूची. पिरिडिनचा नायट्रोजन मधल्या पट्टीतला. म्हणजे एका मृदू धातूशी फॉस्फरस आधी पक्का झाला, की नायट्रोजन मोकळा राहील, हे आता आधीच सांगता येऊ लागलं. आपल्याकडे सोयरीक जुळवणारा मध्यस्थ दोन्ही घरांना ओळखणारा असतो, पण बोलणी आधी एका घरी सुरू करतो. हा क्रम रसायनशास्त्रातही आहे.

दुसरी गोष्ट, बघायचं साधन. निसर्गात फॉस्फरसचा एकच स्थिर समस्थानिक आहे, आणि एनएमआर यंत्रात तो चांगला दिसतो. सत्तरच्या दशकात नव्या पद्धतीची यंत्रं आली आणि फॉस्फरसचा एनएमआर रोजच्या कामात वापरता येऊ लागला. गंमत अशी की ऱ्होडियमचंही तसंच, एकच स्थिर समस्थानिक. फॉस्फरस ऱ्होडियमला चिकटला असेल, तर त्याची रेघ दोन रेघांत दुभंगते. चिकटला नसेल, तर दुभंगत नाही. म्हणजे फॉस्फरस कुणाचा हात धरून उभा आहे, हे द्रावणात, स्फटिक न काढताही कळतं. प्लॅटिनम असेल, तर मुख्य रेघेच्या दोन्ही बाजूंना छोट्या रेघा उगवतात. त्याच काळात क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना काढायला लागणारा वेळही खूप कमी झाला होता.

तिसरी गोष्ट, ज्यातून खरा प्रश्न जन्माला आला, ती म्हणजे सारख्या टोकांचा एक पूल. डायफॉस्फीन-मिथेन. मधे एक कार्बन आणि दोन्ही बाजूंना फॉस्फरस. १९७७ च्या सुमारास कुबियाक आणि आयझेनबर्ग यांनी ऱ्होडियमवर, तर कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात अॅलन बाल्च यांच्या गटानं पॅलॅडियमवर या पुलाची संयुगं केली. इंग्रजी ए अक्षरासारखी मांडणी, दोन धातू पायांवर उभे आणि वर एक छोटा रेणू टोपीसारखा बसलेला. या संयुगांनी मोठी उत्सुकता निर्माण केली, कारण दोन धातू एकाच छोट्या रेणूवर एकत्र काम करू शकतील, असं दिसू लागलं.

पण दोन्ही टोकं सारखी असतील, तर वेगळे धातू बसवायचे कसे? दोन वेगळे धातू एकत्र टाकले, तर सारख्या-सारख्यांच्या जोड्या आणि मिश्र जोड्या असा घोळ होण्याचा धोका. इथं कुणाच्या तरी लक्षात येणं भाग होतं की टोकंच वेगळी घ्यावीत. आणि तसा रेणू तीस वर्षांपूर्वी छापील निबंधात नोंदलेला होता. मधल्या काळात त्याची एकेकट्या धातूंशी काही संयुगंही झाली होती.

१९८० मध्ये बाल्च यांनी जेम्स फार आणि मॅरिलिन ओल्मस्टेड यांच्यासह अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध केलं. पद्धत फारच सरळ आहे. आधी ऱ्होडियमचं संयुग केलं. त्यात दोन लिगंडांनी आपले फॉस्फरस ऱ्होडियमला दिलेले, आणि दोन्ही नायट्रोजन मोकळे लोंबकळत. मग त्यात पॅलॅडियमचं असं संयुग घातलं, ज्याचा आधीचा लिगंड सैल धरलेला असतो आणि सहज सुटतो. मोकळे नायट्रोजन पॅलॅडियमला धरतात, दोन धातू समोरासमोर येतात आणि त्यांच्यात थेट बंध होतो. स्फटिकरचनेनं तो बंध दाखवून दिला. पुढच्या दोन-तीन वर्षांत पॅलॅडियम-प्लॅटिनम अशा जोड्याही झाल्या. दोन लिगंडांची तोंडं एकाच बाजूला की विरुद्ध बाजूंना, हेसुद्धा वेगवेगळं मिळवता येतं आणि एनएमआरमध्ये वेगळं ओळखता येतं, हे दिसलं.

बत्तीस वर्षांचं उत्तर आम्ही असं देऊ : वस्तू होती. प्रश्न नव्हता आणि उत्तर तपासायचं साधन नव्हतं. हे दोन्ही आल्यावर नवा रेणू शोधावा लागला नाही, जुन्या नोंदीकडे परत जावं लागलं. म्हणजे ती नोंद शिल्लक असणं, हाही शोधाचाच एक भाग होता.

याच रेणूची पुढची गोष्ट उद्योगातली आहे. नेदरलँड्समध्ये शेल कंपनीच्या प्रयोगशाळेत आइटे ड्रेंट आणि सहकारी प्रोपाइन, कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेनॉल यांच्यापासून मिथिल मेथाक्रिलेट करत होते. आपण पारदर्शक अॅक्रिलिकच्या पाट्या बघतो ना, त्यांचा हा कच्चा माल. पॅलॅडियम उत्प्रेरकासोबत हाच लिगंड वापरला, तर अभिक्रिया विलक्षण वेगानं आणि जवळपास एकच उत्पादन देत होते, असं त्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलं. नायट्रोजन कड्यात एक-दोन घरं पलीकडे सरकवला, तर तो गुण जातो. स्पष्टीकरण असं दिलं जातं की इथं नायट्रोजन दुसरा धातू धरत नाही, प्रोटॉन वाहून आणतो आणि पॅलॅडियमजवळ नेऊन देतो. म्हणजे मान यांचा १९४८ चा प्रश्न, आम्ल कुठं जाऊन बसतं, हा पंचेचाळीस वर्षांनी कारखान्याच्या दृष्टीनं महत्त्वाचा ठरला. विज्ञानात जुना प्रश्न कधी कामी येईल, सांगता येत नाही.

आता महाराष्ट्रात येऊ. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून आहे. तिथं रघुनाथ चौधरी यांच्या गटानं फॉस्फीन लिगंड आणि उत्प्रेरणावर मोठं काम केलं. १९९५ मध्ये त्यांनी, भालचंद्र भानगे, देशपांडे आणि फ्रान्सच्या देलमास यांच्यासह ‘नेचर’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. अडचण अशी होती, की ऱ्होडियमचा उत्प्रेरक पाण्यात आणि ज्यावर काम करायचं ते तेलासारखं ऑक्टीन पाण्याबाहेर. दोघांची गाठ पडत नाही. त्यांनी तेलाच्या थरात विरघळणारा साधा ट्रायफिनाइल फॉस्फीन टाकला. तो उत्प्रेरकाला सीमेवर ओढून धरतो आणि वेग अनेक पटींनी वाढतो. हा दोन धातूंमधला पूल नाही, दोन थरांमधला आहे. पण विचाराची दिशा तीच, मधे कोण उभा राहील? याच गटानं पुढे पॅलॅडियमवर फॉस्फीन आणि पिरिडिन-कार्बोक्झिलेट असे दोन वेगळे लिगंड एकत्र बसवून कार्बोनिलेशनचे चांगले उत्प्रेरक केले.

मुंबईच्या आयआयटीत मरवंजी बालकृष्ण यांचा गट गेली कित्येक वर्षं फॉस्फरसच्या लिगंडांवर काम करतोय. जवळजवळ हातांचे लिगंड ही त्यांच्या कामाची एक ठळक वाट. फॉस्फरस-नायट्रोजनची चौकोनी कडी तांब्याला लावून, ती बायपिरिडिनच्या दांड्यांनी एकमेकांना जोडून, लांबच लांब साखळ्या आणि जाळ्या त्यांनी उभ्या केल्या आहेत. म्हणजे फॉस्फरस आणि पिरिडिन ही जोडी आपल्यापासून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर कामाला लागलेली आहे.

आणि आपल्याकडे? १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, जळगाव आणि धुळे ही त्यांची मुख्य ठाणी. जळगावचं मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचं प्रताप महाविद्यालय, दोन्ही १९४५ ची. मान यांच्या निबंधाच्या तीन वर्षं आधीची! विद्यापीठ आधी मुंबईचं, मग पुण्याचं. आपलं स्वतःचं विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला जळगावात आलं, आणि २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. म्हणजे बाल्च यांचा निबंध आला, तेव्हा इथला एमएस्सीचा विद्यार्थी पुण्याच्या अभ्यासक्रमाची उत्तरं लिहीत होता.

छोट्या गावांतल्या महाविद्यालयात कोऑर्डिनेशन रसायनाचा प्रबंध म्हटला, की बहुतेक वेळा शिफ बेस. ह्यूगो शिफ यांनी १८६४ मध्ये वर्णन केलेला प्रकार. सॅलिसिलाल्डिहाइड, एक अमाइन, अल्कोहोल, थोडं उकळवणं, मग तांबं, निकेल किंवा कोबाल्टचा क्षार. उघड्या हवेत होतं, खर्च कमी. याला नावं ठेवायची नाहीत, त्यातून पिढ्या शिकल्या. पण एक गोष्ट मान्य करू या. आपण काय अभ्यासायचं, हे पुष्कळदा कपाटातल्या बाटल्यांनी आणि जवळ नसलेल्या यंत्रांनी ठरवलं. फॉस्फीन करायचं, तर कोरडी भांडी आणि नायट्रोजन किंवा आर्गॉनची सोय लागते. ऱ्होडियम, पॅलॅडियम महाग. एनएमआर आणि स्फटिकरचनेसाठी नमुने बाहेर पाठवायचे. आयआयटी मुंबईत १९७६ पासून बाहेरच्यांनाही वापरता येणारं उपकरण केंद्र आहे, म्हणून ते शक्य तरी झालं. पण नमुना पाठवून आलेखाची वाट बघणं वेगळं, आणि दुपारी केलेलं संयुग संध्याकाळी यंत्रात बघणं वेगळं. बाल्च यांच्याकडे दुसरी सोय होती, आणि तिचा परिणाम प्रश्नांवर होतो.

तरी आज दार पूर्वीइतकं बंद नाही. हा लिगंड विकत मिळतो, घनरूप असतो, आणि तसा हवेत हाताळता येतो. महाग धातूंची गरजही नाही. तांब्याच्या आयोडाइडबरोबर त्याच्या भावंडांची संयुगं अतिनील प्रकाशात झगझगीत चमकतात. जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या संशोधकांनी २०१३ मध्ये अशा दोन तांबे-अणूंच्या संयुगांवर सविस्तर काम प्रसिद्ध केलं, प्रकाश देणारे पडदे हे त्यामागचं उद्दिष्ट. आपल्या प्रयोगशाळेत टीएलसी बघायचा यूव्ही दिवा असतोच. संयुग झालं की नाही, याचा पहिला अंदाज त्या दिव्याखाली येऊ शकतो. तांब्याच्या एका बाजूला चांदी किंवा जस्त बसतं का, कुठल्या क्रमानं घातलं तर बसतं, हे विचारायला मोठं अनुदान लागत नाही. फक्त एक सूचना, परक्लोरेट क्षार वापरू नका, ते स्फोटक असतात.

शेवटचा मुद्दा नोंदींचा. आपण धुळ्याचे लोक इतिहासाचार्य राजवाड्यांचं नाव अभिमानानं घेतो. गावोगाव फिरून त्यांनी जुन्या कागदांची दप्तरं गोळा केली. १९२६ च्या अखेरीस धुळ्यात त्यांचं निधन झालं आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. राजवाड्यांचा आग्रह एकच, मूळ कागद बघा, ऐकीव सांगू नका. मग आपल्या रसायनशाळांच्या मूळ कागदांचं काय? पन्नास-साठ वर्षांचे प्रबंध, प्रयोगवह्या, न जमलेल्या अभिक्रियांच्या नोंदी. त्यातलं कितीतरी जागेअभावी रद्दीत जाऊ शकतं. कुणी केलेला, पण त्या वेळी निरुपयोगी वाटलेला एखादा लिगंड तिथं असू शकतो. मान आणि वॉटसन यांचा निबंध जपला गेला नसता, तर बाल्च यांना सुरुवात शून्यातून करावी लागली असती.

तेव्हा आमची विनंती दोन प्रकारची आहे. प्राध्यापकांना : विभागातल्या जुन्या वह्या आणि प्रबंध टाकून देण्याआधी यादी करा, पानांचे फोटो काढून ठेवा. मोबाइल सगळ्यांकडे आहे. विद्यार्थ्यांना : लिगंडची व्याख्या पाठ असू द्या, गुण मिळतील. पण एखादा जुना निबंध उघडून हेही विचारा, की या माणसानं हा रेणू कशासाठी केला, आणि आज आपण त्याला दुसरं काय विचारू शकतो? बत्तीस वर्षं हा दुसरा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. तो विचारायला जळगाव किंवा धुळं ही जागा आडवी येत नाही.

आता प्रश्नोत्तरं घेऊ.